गांधीलमाशीचे पुढारपण

पुढारी कसा असावा यावर आपल्याकडे लिहिणाऱ्यांची कधीच वानवा नव्हती. समर्थांपासून थेट आजच्या व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकांपर्यंत सर्वांनी या विषयावर लेखणी चालवली आहे. परंतु पुढाऱ्याच्या मागे चालणाऱ्याने कसे चालावे, आणि विशेषतः मागचा माणूस पुढच्यापेक्षा अंगापिंडाने दहापट असेल तर त्याने काय करावे, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मला या प्रश्नाचे सर्वांत चांगले विवेचन सापडले ते एका अमेरिकन चित्रकथेत.

चित्रकथा म्हटल्याबरोबर काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. रंगीत चड्ड्या घालून आकाशात उडणारे ते अतिमानव, आणि त्यांच्याकडून म्हणे पुढारपण शिकायचे! पण आठी क्षणभर बाजूला ठेवावी. ज्यांच्या घरात नातवंडे आहेत त्यांनी 'अ‍ॅव्हेंजर्स' हे नाव गेल्या काही वर्षांत सिनेमाच्या कृपेने शंभरदा तरी ऐकले असेल. या शब्दाचा अर्थ 'सूड उगवणारे'. कुणाचा सूड, हे मला पहिल्या अंकापासून आजपर्यंत कळलेले नाही. ते असो. न्यूयॉर्कच्या मार्व्हल या प्रकाशनसंस्थेने सप्टेंबर १९६३ मध्ये या नावाचे मासिक सुरू केले. लेखक होते स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी. मी जी कथा सांगणार आहे ती त्या मासिकाच्या २७३ ते २७७ या पाच अंकांत, म्हणजे नोव्हेंबर १९८६ ते मार्च १९८७ या काळात आली. तिला 'अंडर सीज' म्हणजे 'वेढ्यात' या नावाने ओळखतात. कथा रॉजर स्टर्न यांची, चित्रे जॉन ब्युसेमा यांची आणि त्यांवर शाई फिरवली आहे टॉम पामर यांनी. मुंबईत फोर्टातल्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला हे पाचही अंक एकगठ्ठा मिळाले, आणि ज्या दिवशी ते घरी आणले त्या रात्री झोपेचे खोबरे झाले.

प्रथम हे सांगितले पाहिजे की अ‍ॅव्हेंजर्स ही टोळी नव्हे, संस्था आहे. तिला लिखित घटना आहे, सभासदत्वाचे नियम आहेत, रजेचे नियम आहेत. अध्यक्ष कायमचा नसतो, तो बदलतो. सभा भरतात, मते घेतली जातात आणि पुष्कळदा सभा भांडणात संपते. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला जो एकदा बसला आहे त्याला हे सारे ओळखीचे वाटेल. फरक इतकाच, की इथे सभासदांपैकी एकजण मेघगर्जनेचा देव असतो आणि दुसऱ्याने संतापून मूठ आपटली तर इमारतच खाली येते. असा एक संतापी गडी, हल्क, दुसऱ्याच अंकात राजीनामा न देताच निघून गेला. त्याला आवरणारा अध्यक्ष त्या वेळी तरी जन्माला आलेला नव्हता.

चौथ्या अंकात, मार्च १९६४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धापासून बर्फात गोठून पडलेला कॅप्टन अमेरिका या मंडळींना सापडला. हा मनुष्य अंगात कसलीही दैवी शक्ती नसलेला. औषधाने कमावलेले बळकट शरीर, हातात एक गोल ढाल, बस्स. परंतु पुढारपणाचा विषय निघाला की अमेरिकन वाचक आजही याचेच नाव आधी घेतो, आणि त्याला कारण आहे मे १९६५ चा सोळावा अंक. त्या अंकात संस्थेचे सगळे संस्थापक एकदम रजेवर गेले आणि कॅप्टनच्या पदरात तीन नवे सभासद पडले. त्यांतला हॉकआय हा तिरंदाज काही दिवसांपूर्वीपर्यंत गुन्हेगार म्हणून लढत होता. क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच ही बहीणभावंडे एका खलपुरुषाच्या टोळीतून आलेली. हॉकआयला कॅप्टनची खुर्ची हवी होती आणि ते तो लपवून ठेवत नसे. रोज टोमणे, रोज उलट उत्तर. एकदा तर कॅप्टन या कटकटीला इतका विटला की संस्था सोडून गेला आणि एका मुष्टियोद्ध्याला सराव देण्याची नोकरी धरली. मंडळी संकटात सापडल्याचे कळले तेव्हा परत आला. मला हा प्रसंग फार आवडतो. चोवीस तास छाती पुढे काढून उभा राहणारा नायक मला पुतळ्यासारखा वाटतो. वैतागून गेलेला आणि पुन्हा परत आलेला मनुष्य मात्र आपल्यातला वाटतो.

पुढे या खुर्चीवर नाना तऱ्हेचे लोक बसले. त्यांतल्या एकाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, तो म्हणजे व्हिजन, कृत्रिम रीतीने घडवलेला यंत्रमानव. १९८४ मध्ये अध्यक्षपद त्याच्याकडे आले. असा कार्यक्षम अध्यक्ष संस्थेला कधी लाभला नव्हता. त्याने पश्चिम किनाऱ्यावर संस्थेची दुसरी शाखा काढली आणि ती हॉकआयच्या हवाली केली. सरकारदरबारी वजन वाढवले. आणि मग शांतपणे ठरवले की माणसांना आपले जग नीट चालवता येत नाही, तेव्हा पृथ्वीवरचे सगळे संगणक आपणच ताब्यात घ्यावे आणि युद्धे वगैरे एकदाची मिटवून टाकावी. हेतू निर्मळ! सहकाऱ्यांनी समजूत घातल्यावर त्याने ते सोडून दिले, पण तोपर्यंत जग हादरले होते. अशी माणसे मी प्रत्यक्षात पाहिली आहेत. ती कधी आवाज चढवत नाहीत, कधी सुटी घेत नाहीत, आणि एके दिवशी आपल्या लक्षात येते की कपाटाच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडेच आहेत.

आता आपल्या नायिकेकडे येऊ.

वास्प म्हणजे गांधीलमाशी. हे टोपणनाव, खरे नाव जॅनेट व्हॅन डाइन. अलीकडच्या सिनेमांतली तरुण वास्प ही हिची मुलगी दाखवली आहे, पण जुन्या कथांत ही स्वतःच तरुण आहे. ती किड्याएवढी लहान होऊ शकते, लहान झाली की तिला पंख फुटतात, आणि हातांतून विजेचा डंख मारता येतो. एवढेच तिचे सामर्थ्य. श्रीमंत बापाची एकुलती लेक, कपड्यांची हौस, आणि नवे कपडे बेतण्याचाच तिचा व्यवसाय. संस्थेच्या पहिल्या पाच सभासदांपैकी ती एक. 'अ‍ॅव्हेंजर्स' हे नाव सुचवले तेही तिनेच. पण साठीच्या दशकातल्या लेखकांनी तिला काम काय दिले? देखण्या पुरुषांकडे पाहून उसासे टाकणे, आरशात पाहणे आणि ऐनवेळी शत्रूच्या हाती सापडणे. वीस वर्षे ती पुरुषांच्या खांद्यावर बसून फिरली, शब्दशः.

नोव्हेंबर १९८१ च्या २१३व्या अंकात तिच्या नवऱ्याने तिच्यावर हात उगारला. हा हँक पिम, मोठा शास्त्रज्ञ आणि संस्थेचाच संस्थापक. हातून घडलेल्या एका गैरवर्तनाबद्दल सहकारी त्याची चौकशी करणार होते. आपली अब्रू वाचवण्यासाठी त्याने एक यंत्र बनवले. ते सभेवर हल्ला करणार आणि आपण त्याला हरवून शाबासकी मिळवणार, असा त्याचा बेत होता. बायकोने विरोध केला तेव्हा त्याने तिला मारले. पुढे यंत्र खरोखरच सर्वांना भारी पडू लागले, आणि त्याला थांबवले ते काळवंडलेल्या डोळ्याच्या त्या बायकोने. तिने घटस्फोट घेतला आणि चार महिन्यांनी, मार्च १९८२ च्या २१७व्या अंकात, अध्यक्षपदाचा विषय निघाला तेव्हा स्वतःचे नाव स्वतः सुचवले. समोर कोण होते पाहा: कॅप्टन अमेरिका, गर्जनेचा देव थॉर आणि पोलादी चिलखतातला आयर्न मॅन. तिघेही चकित झाले. पण ती निवडून आली.

तिची कामाची रीत निराळी होती. संस्थेत बायका फार थोड्या आहेत हे तिच्या लक्षात आले, तेव्हा तिने ठराव मांडला नाही की भाषण केले नाही. २२१व्या अंकात तिने शहरातल्या सगळ्या पराक्रमी स्त्रियांना आपल्या घरी चहाला बोलावले. एखाद्या घरी हळदीकुंकू असावे तसा तो थाट! बहुतेकींनी चहा घेतला आणि नकार दिला, पण शी-हल्क ही हिरव्या अंगाची प्रचंड ताकदीची वकीलबाई होकार देऊन गेली. पुढच्याच वर्षी मोनिका रॅम्बो ही न्यू ऑर्लिन्स बंदरावरच्या गस्तदलातली कृष्णवर्णी अधिकारी 'कॅप्टन मार्व्हल' या नावाने उमेदवार म्हणून आली. हिला प्रकाशाचे, विजेचे, कुठल्याही ऊर्जेचे रूप घेता येई. तिच्या तुलनेत गांधीलमाशी म्हणजे काजवा. पण गांधीलमाशीला त्याचे भय वाटले नाही. ती तिला कामे देत गेली, शिकवत गेली. आपल्याहून बलवान माणसे भरती करणारा पुढारी विरळा. आपल्याकडे तर सहसा पहिली काळजी हीच घेतात की हाताखालचा मनुष्य आपल्यापेक्षा बोटभर तरी कमी असावा.

आणि मग हर्क्युलीस आला. ग्रीक पुराणातला तोच, देवराज झ्यूसचा मुलगा. खाणे, पिणे, हसणे, भांडणे सगळेच अवाढव्य. मॅनहॅटन बेट आपण साखळी बांधून ओढून जागेवर आणले, ही त्याची आवडती कथा. कॅप्टन अमेरिकेचा शब्द तो झेलतो. पण स्त्रीच्या आज्ञेत राहायचे, आणि तीही वीतभर झाली की पंख फडफडवणारी, हे त्याच्या गळी उतरत नाही. तो कुरकुरतो. आणि महिनोन्महिने ती कुरकुर ऐकून न ऐकल्यासारखे करते.

इथे मला माझ्या कचेरीतली एक गोष्ट आठवते. आमच्या खात्यात पहिल्यांदा एक बाई अधीक्षक म्हणून आल्या, तेव्हा आमचे जुने हेडक्लार्क तात्या (त्यांना सगळे तात्याच म्हणत) त्यांच्या टेबलाशी कधी गेले नाहीत. फाइल पाठवायची तर शिपायाच्या हाती. बाई तीन महिने एक शब्द बोलल्या नाहीत. पुढे ऑडिटचे लोक आले आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या एका खर्चाबद्दल विचारू लागले. बाईंनी त्यांना सरळ सांगितले, "हे तात्यांना विचारा. या विषयात ते सांगतील ते माझे उत्तर." त्या दिवसापासून तात्या फाइल स्वतः घेऊन जाऊ लागले. शिपाई बिचारा बुचकळ्यात पडला. गांधीलमाशीच्या मनातही असेच काही असावे, की वेळ येईल आणि हर्क्युलीसची गाठ आपोआप सुटेल. दुर्दैव असे की तिच्या कचेरीत ऑडिट येण्याआधी झीमो आला.

बॅरन हेल्मुट झीमो हा या कथेतला खलपुरुष. त्याचा बाप नात्झी शास्त्रज्ञ, तो १९६५ च्या पंधराव्या अंकात कॅप्टन अमेरिकेशी लढताना दगडांच्या राशीखाली मेला. मुलाच्या आयुष्याला तेव्हापासून एकच अर्थ, कॅप्टनचा सूड. 'अ‍ॅव्हेंजर्स' हे नाव खरे तर त्यालाच शोभले असते. पण या झीमोला मूर्ख म्हणता येत नाही. त्याच्या आधीचे सगळे दुष्ट एकेकटे येत किंवा पाचसहा जणांची टोळी करून येत, आणि मार खाऊन जात. झीमोने साधा हिशेब मांडला. शत्रू पाचसहा आहेत ना, मग आपण त्यांच्या दुपटीहून अधिक आणू. ते वाड्यात एकत्र असताना जायचे नाही. कोण केव्हा बाहेर जातो, केव्हा परततो, यावर दिवसेंदिवस पाळत ठेवायची, आणि वाडा जवळजवळ रिकामा असेल तेव्हा आत शिरून एकेकाला गाठायचे. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या त्या वाड्यात त्या दिवशी होता फक्त म्हातारा बटलर जार्व्हिस. वाडा एका फटक्यात पडला. मग ब्लॅक नाइट सापडला, मग कॅप्टन अमेरिका सापडला, आणि कॅप्टन मार्व्हलला ब्लॅकआउट नावाच्या दुष्टाने काळोखाच्या एका वेगळ्याच जगात कोंडून टाकले.

योजनेला दहापैकी दहा गुण. योजना राबवणारी माणसे मात्र पाहण्यासारखी आहेत. मिस्टर हाइडला फक्त मोडतोड हवी. पहार घेऊन फिरणारा रेकर आणि त्याचे तीन साथी स्वतःपलीकडे कुणाला जुमानत नाहीत. ब्लॅकआउटचे डोके फिरलेले, त्यामुळे त्याच्या मनावर दुसऱ्याने ताबा ठेवावा लागतो. आणि मूनस्टोन ही मानसोपचार शिकलेली बाई झीमोची खुर्ची केव्हा रिकामी होते याचीच वाट पाहत बसलेली. झीमो यांना कशाने बांधून ठेवतो? थोडा धाक, थोडा लोभ आणि पुष्कळसा द्वेष. तो कोणाला काही शिकवत नाही. त्याला कोणाच्या मताची गरज वाटत नाही. त्याच्या लेखी ती माणसे नव्हेतच, ती हत्यारे आहेत. आणि हत्याराचा एक गुण असा की ते ज्याच्या हातात जाईल त्याचे होते.

बाहेर आता गांधीलमाशी आणि हर्क्युलीस दोघेच उरले. वाड्यात काहीतरी भलतेच घडले आहे एवढे तिला कळले. आत किती आहेत, कोण आहेत, आपली माणसे जिवंत आहेत की नाहीत, काही माहीत नाही. ती म्हणते, थांब, आधी पाहू. हर्क्युलीस त्या वेळी दारू पिऊन तर्र. तो ऐकून घेतो आणि तरीही जातो. तो भित्रा नाही, दगाबाज नाही, आपल्या मित्रांसाठीच चालला आहे. फक्त ही आज्ञा तिच्या तोंडून आली, हाच त्याला अपमान वाटतो. तो दरवाजा फोडून आत जातो, आणि आत त्याच्यासारखेच दांडगे पुष्कळजण त्याची वाट पाहत उभे असतात.

पुढची पाने ब्युसेमांनी अशी काढली आहेत की पाहवत नाहीत. त्या काळच्या चित्रकथांत नायकाला मार बसे, पण तो पुढच्या चौकटीत उठे. इथे तो उठत नाही. एकामागून एक सगळे त्याच्यावर तुटून पडतात आणि शेवटी एक देव जमिनीवर निपचित पडलेला दिसतो. इस्पितळात तो बेशुद्धच असतो.

आपल्याकडे भीमाची गोष्ट आहे. द्यूतसभेत द्रौपदीची विटंबना झाली तेव्हा भीमाने चिडून सहदेवाला अग्नी आणायला सांगितले होते, धर्मराजाचे हात जाळून टाकतो म्हणून. अर्जुनाने त्याला आवरले. सगळ्या पांडवांत सर्वांत बळकट तो, पण भावाची आज्ञा त्याने मोडली नाही, आणि त्या न मोडण्याची किंमत तेरा वर्षे भोगली. हर्क्युलीसजवळ अर्जुन नव्हता, हे एक. दुसरे असे की भीमाला वडील भावाचा मान ठेवायला समाजाने लहानपणापासून शिकवले होते. बाईचा मान ठेवायला हर्क्युलीसला कोणीच शिकवले नव्हते.

गांधीलमाशीचे काही चुकले का? माझ्या मते थोडे चुकले. आपली आज्ञा मानणार नाही अशी ज्याच्याबद्दल शंका आहे, त्याचा निकाल शांततेच्या काळात लावायचा असतो. तिने तो पुढे ढकलला. परंतु यानंतर तिने जे केले त्यासाठी मी तिला मानतो. तिच्या जागी दुसरा कोणी असता तर एकतर रडत बसला असता किंवा सूडाच्या भरात हर्क्युलीसच्याच वाटेने गेला असता. ती इस्पितळात पहारा देत राहिली. झीमोने बेशुद्ध शत्रूला संपवायला अ‍ॅब्सॉर्बिंग मॅन आणि टायटानिया या जोडप्याला पाठवले. ज्या पदार्थाला हात लावील त्याचे रूप घेणारा हा धिप्पाड गडी आणि तितकीच दांडगी ती बाई. त्यांच्यासमोर कोण? इंचभर गांधीलमाशी, आणि योगायोगाने तिथे आलेला अँट-मॅन म्हणजे मुंगीमाणूस, स्कॉट लँग. या दोन किड्यांनी त्या दोन डोंगरांना पाडले. जिथे बळाने जमत नाही तिथे खुब्या शोधायच्या, हे लहान माणसाला जन्मापासून ठाऊक असते. मोठ्याला ते शिकावे लागते.

मग तिने माणसे जमवली. थॉर आला, डॉक्टर ड्रुइड हा मनावर प्रभाव पाडणारा मांत्रिक आला. कोणाला कोणावर सोडायचे याचा तिने विचार केला. वाड्याभोवती काळोखाचे कवच घालणारा ब्लॅकआउट हाच झीमोच्या बेताचा खांब, तेव्हा त्याच्या मनाची झुंज ड्रुइडने घ्यायची. या झुंजीत त्या दुबळ्या डोक्यावर झीमोचा ताण आणि ड्रुइडचा ताण एकाच वेळी आला आणि तो कोसळला. कवच गेले. आपल्या माणसाला हत्यार समजणाऱ्याचे हत्यार असे ऐनवेळी तुटले.

दरम्यान आत काय चालले होते ते सांगताना माझी लेखणी अडखळते. झीमोला कॅप्टन अमेरिकेला ठार मारायचे नव्हते, त्याला रडवायचे होते. म्हणून त्याच्यासमोर जार्व्हिसला हाइडच्या स्वाधीन केले. म्हातारा जायबंदी झाला, पण गयावया केली नाही. ती मारहाण पुढेही किती दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही. आणि कॅप्टनच्या खोलीतल्या सगळ्या जुन्या वस्तूंची नासधूस केली. त्यांत त्याच्या आईचे छायाचित्र होते, तेवढे एकच उरलेले.

लढाई जिंकली. गच्चीवरून झीमो कोसळतो तेव्हाही कॅप्टन त्याला वाचवायची धडपड करतो. सगळे संपल्यावर तो आपल्या मोडक्या खोलीत जातो, त्या छायाचित्राचे तुकडे पाहतो आणि ढसढसा रडतो. झीमोने जे मागितले होते ते त्याला मिळाले, पण ते पाहायला तो तिथे नव्हता.

मला या कथेत कॅप्टनच्या रडण्याइतकेच महत्त्वाचे त्याचे दुसरे एक वागणे वाटते, आणि त्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. हा मनुष्य या संस्थेचा सर्वांत नामांकित अध्यक्ष. त्याच्या नुसत्या उभे राहण्याने दहाजण त्याच्याकडे पाहू लागतात. हर्क्युलीस तर उघडच म्हणतो की पुढारी हाच. अशा माणसाने साध्या सभासदाच्या खुर्चीवर बसून दुसऱ्याला, आणि तेही आपल्या समोर लहानाची मोठी झालेल्या बाईला, आज्ञा करू द्यायची हे सोपे नाही. माजी अध्यक्ष सभेला आले की काय होते हे आपण सारे जाणतो. कॅप्टन ते करत नाही. १९६५ मध्ये त्याने तिघा उनाडांना वळण लावले त्यापेक्षा मला हे अवघड वाटते.

विजयानंतर गांधीलमाशीने अध्यक्षपद सोडले. तिला विश्रांती हवी होती, आणि हर्क्युलीसच्या अंगावरच्या जखमा तिच्या मनावरही होत्याच. २७९व्या अंकात नवी अध्यक्ष झाली मोनिका रॅम्बो, तीच बंदरावरची अधिकारी, चार वर्षांपूर्वीची उमेदवार. कॅप्टन अमेरिका सभेत हजर होता आणि तिच्या बाजूने होता. तिच्या वाट्याला पहिलेच मोठे संकट आले ते हर्क्युलीसच्या बापाचे. मुलाची ती दशा पाहून झ्यूस खवळला आणि त्याने सगळा दोष या मर्त्य मंडळींच्या माथी मारला. पोरगे ऐकत नव्हते ही तक्रार बापापुढे करून कधी उपयोग होत नसतो, मग तो बाप ऑलिंपस पर्वतावर का राहीना.

पण पुढाऱ्यांच्या खऱ्या लढाया कागदावर होत नाहीत. स्टर्न यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे की मोनिकाला अध्यक्षपदावरून दूर करून ते कॅप्टन अमेरिकेला द्यावे असा संपादकीय आग्रह होता, आणि ज्या रीतीने ते करावे असे सुचवले गेले त्यात ती नालायक ठरली असती. स्टर्न यांनी हरकत घेतली आणि मालिका त्यांच्या हातून गेली. दुसऱ्या लेखकाच्या काळात मोनिकाचे सामर्थ्य एका लढाईत नाहीसे झाले आणि खुर्ची गेली त्याच डॉक्टर ड्रुइडकडे. तो एका कारस्थानी स्त्रीच्या नादी लागून अध्यक्ष झाला होता. १९८८ संपायच्या आत संस्था विस्कटली. ज्याने ब्लॅकआउटच्या मनाची झुंज जिंकली त्याचे स्वतःचे मन दुसरीच कोणी चालवत होती. स्टर्न यांनी हा शेवट लिहिला नसता, एवढे नक्की.

झीमो मात्र मेला नव्हता. खलपुरुष उंचावरून पडला म्हणजे तो परत येणार हा या साहित्याचा अलिखित नियम आहे. १९९७ मध्ये कर्ट ब्युसिक आणि मार्क बॅगली यांनी 'थंडरबोल्ट्स' ही नवी मालिका काढली. अ‍ॅव्हेंजर्स नाहीसे झाल्यावर एक नवाच वीरसंघ लोकांच्या मदतीला धावून येतो, लोक जयजयकार करतात, आणि पहिल्या अंकाच्या शेवटच्या पानावर कळते की हे सारे वेष पालटलेले दुष्ट आहेत आणि त्यांचा म्होरक्या आहे झीमो. वाडा बळकावणाऱ्या त्या जुन्या टोळीतलीच चार माणसे त्यात आहेत, मूनस्टोनसुद्धा. बेत असा की आधी जगाचा विश्वास मिळवायचा, मग जग मिळवायचे. पुन्हा योजनेला दहापैकी दहा गुण. पण या खेपेस असे काही घडले की ते झीमोच्या हिशेबात नव्हते. रस्त्यावर लहान मुले त्यांच्याकडे पाहून टाळ्या वाजवू लागली. एखादी म्हातारी हात धरून आभार मानू लागली. आणि जन्मभर शिव्या खाल्लेल्या त्या मंडळींपैकी काहींना हे आवडू लागले. पूर्वी 'स्क्रीमिंग मिमी' म्हणून किंचाळत फिरणारी, आता 'साँगबर्ड' म्हणवून घेणारी पोरगी तर पार बदलून गेली. वेळ आली तेव्हा यांनीच झीमोविरुद्ध बंड केले. तो पळाला.

बिनपुढाऱ्याच्या या भटक्या गुन्हेगारांकडे १९९८ मध्ये एक मनुष्य आपणहून गेला आणि म्हणाला, मी तुमचा पुढारी होतो. तो होता हॉकआय. तेहेतीस वर्षांपूर्वी, चित्रकथेच्या नव्हे तर वाचकांच्या काळगणनेने, कॅप्टन अमेरिकेला रोज उलट उत्तरे देणारा तोच तिरंदाज. आता उलट उत्तरे ऐकायची पाळी त्याची. त्याने पहिलीच अट घातली ती 'माक-वन' या नावाने लढणाऱ्या अ‍ॅबनर जेन्किन्सला. जेन्किन्सच्या हातून पूर्वी एक खून झालेला होता. हॉकआय म्हणाला, संघ राहायचा असेल तर तू तुरुंगात जाऊन शिक्षा भोगली पाहिजेस. त्याच्यावर जबरदस्ती करण्याचे बळ हॉकआयजवळ नव्हते. धनुष्यबाणापलीकडे त्याच्याजवळ होते काय? साँगबर्डचा जेन्किन्सवर जीव होता. ती रडली, भांडली. जेन्किन्सने चिलखत उतरवले आणि तो तुरुंगात गेला.